कोऱ्या चहासाठी मसुऱ्याला

शनिवार, १८ जानेवारी. पहाटेच्या एसटीने सांगलीहून कोल्हापूर, तिथे गाडी बदलून राधानगरीमार्गे फोंडा घाट, कणकवली आणि दुपारी मालवण. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत लॉज घेतला. संध्याकाळी बाजारात गेलो, चहाच्या तीन पुड्या घेतल्या. जेवून झोपलो.

या ब्लॉगवरच्या आधीच्या नोंदी घाटवाटांच्या आणि किल्ल्यांच्या आहेत. त्या कुंदा, माझी बायको, असतानाच्या. मे महिन्यात ती गेली. त्यानंतर मी कुठे गेलो नव्हतो. या वेळी गेलो ते चहासाठी. जाण्यापूर्वी ‘मालवणी कोरा चहा’ असं शोधलं तर समुद्रकिनाऱ्यांचे फोटोच समोर आले. म्हणून सविस्तर लिहितो आहे. कुणाला उपयोग झाला तर बरं.

कुंदा मसुऱ्याची. मालवण तालुक्यातलंच गाव. ती आयुष्यभर बिनदुधाचा चहा प्यायली. पावडर आणि सुका मसाला एकत्र करून ती एका डब्यात भरून ठेवायची आणि रोज सकाळी स्वतःपुरता करायची. मी सांगलीचा, मला दुधाचा लागायचा. एकाच शेगडीवर दोन पातेली असायची. ती गेल्यावर मी दुधाचा बंद केला आणि तिच्या डब्यातला कोरा चहा करून पिऊ लागलो. कडू लागायचा. तिला कडूच आवडत असणार, असं धरून मी तो रोज प्यायलो. जानेवारीत डब्याचा तळ दिसायला लागला. त्यात काय काय आहे ते मला माहीत नव्हतं. तिच्या माहेरी माहीत असेल, म्हणून निघालो.

जाणाऱ्यांसाठी: कोल्हापूरहून मालवणला थेट गाड्या आहेत, पण कमी. कणकवलीपर्यंत मिळेल ती गाडी घ्यावी, पुढे सोय होते. फोंडा घाटात रस्ता सध्या चांगला आहे. गाडी दाजीपूरच्या पुढे एका टपरीशी थांबली. तिथे कोरा चहा मागितला तर टपरीवाला म्हणाला, “पोट बिघडलंय का?” घाटाच्या वरच्या अंगाला कोरा चहा हे औषध समजतात. मीही तेच समजत होतो.

मालवणच्या बाजारात हल्ली ‘मसाला ब्लॅक टी’च्या पुड्या सगळीकडे मिळतात. कोकम घातलेली, गवती चहा घातलेली, जायपत्री घातलेली. विकणारी मुलगी हुशार होती. पर्यटकांशी ती साध्या मराठीत बोलत होती आणि मागच्या बाईशी मालवणीत.

“सर, ही आमची पारंपरिक. आजीची रेसिपी.”

“कुणाच्या आजीची?” मी विचारलं.

ती हसली. मागची बाई आतून म्हणाली, “माझ्या नाय हां. माझी आजी दुधाचीच पिय.”

लॉजवाल्याने गरम पाणी दिलं. तिन्ही पुड्यांचा थोडा थोडा चहा करून पाहिला. कोकमाचा चहा सरबतासारखा लागतो. गवती चहाची पुडी वासाला छान, पण पावडर हलकी आहे. जायपत्रीची त्यातल्या त्यात बरी. कुंदाच्या चहाशी यातल्या एकाचाही संबंध नव्हता, असं मला त्या दिवशी खात्रीने वाटलं.

रविवार. सकाळी मालवणहून मसुऱ्याची एसटी पकडली. खाडीच्या कडेने रस्ता जातो. आंब्याला मोहोर होता. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, “आंगणेवाडीच्या जत्रेक इलात? जत्रा अजून लांब आसा.” मी म्हणालो, पाहुण्यांकडे चाललोय.

कुंदाच्या घरी तिचा थोरला भाऊ आणि वहिनी असतात. भावाला सगळे अण्णा म्हणतात, मीही. अण्णा कुंदाच्या दिवसांना सांगलीला आले होते, पण न जेवता परतले. कारण असं की कुंदाच्या अस्थी मी सांगलीजवळ कृष्णेत, हरिपूरच्या संगमावर सोडल्या. त्यातल्या थोड्या मसुऱ्याजवळच्या कालावलच्या खाडीत सोडायला हव्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं, असं त्यांना वाटतं. दोन्ही खरं आहे. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. येतोय म्हणून मी वहिनींना फोन केला होता, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “येवा.”

घरापुढच्या खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. अण्णा त्या हाताने परतत होते. मला पाहून त्यांनी आत हाक दिली, “भावजी इले.” माझ्याकडे बघून, “बसा.” मग पुन्हा आत, “वाट मिळाली काय इचार तेंका.” वाट मला पंचवीस वर्षं माहीत आहे. मी म्हणालो, मिळाली.

शेजारची एक म्हातारी काकी पायरीवर बसली होती. ती कुंदाला लहानपणापासून ओळखणारी. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. थोड्या वेळाने वहिनी बाहेर आल्या. कप-बशी त्यांनी हातात दिली नाही, माझ्यापुढे जमिनीवर ठेवली आणि मागे सरकल्या.

कोरा चहा होता. मी घोट घेतला आणि मला एकदम बरं वाटलं. तीच चव. आठ महिने मी रोज सकाळी घेत होतो तीच, तशीच कडू, जिभेच्या मागे राहणारी. ज्यासाठी आलो ते मिळालं, असं वाटलं. मी सहसा असं बोलत नाही, पण तोंडून गेलं, “वहिनी, चहा छान झालाय. अगदी कुंदाच्या हातचा.”

अण्णांचा सुपाऱ्यांवरचा हात थांबला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. शेवटी काकी बोलली.

“भावजी, मयताच्या चायेक बरी म्हणूची नसता ओ.”

मला कळलं नाही. काकीनेच सांगितलं. माणूस गेल्यानंतर जो पहिल्यांदा घरात येतो, मग तो कितीही महिन्यांनी येवो, त्याला आधी ही चाय देतात. पाण्यात नुसती पावडर उकळायची. गूळ नाही, मसाला नाही. दुखवट्याच्या घरात गोड द्यायचं नाही म्हणून. ती कुणी हातात देत नाही, घ्या म्हणत नाही, आणि पिणारा तिला नाव ठेवत नाही की नावाजत नाही. पिऊन कप उपडा घालतो, झालं. आमच्याकडे सांगलीला दुःखाच्या घरी पिठलं-भाकरी नेतात. ही रीत मी पहिल्यांदा ऐकली.

अण्णा वहिनींना म्हणाले, मला नाही, “इचार तेंका. आमच्या कुंदाची चाय अशी होती?”

मी सांगितलं ते खरं सांगितलं. की ती असताना मी तिचा चहा जवळजवळ प्यायलोच नाही. ती गेल्यावर तिच्या डब्यातला करून पितो आहे. तो असाच लागतो.

“कसो करतात?” वहिनींनी विचारलं.

“पाण्यात पावडर घालून चांगला उकळतो.”

“आणि गूळ?”

“गूळ नाही घालत. ती घालायची?”

काकी म्हणाली, “अगो बाय माझे, म्हणजे ह्यो बापडो आठ म्हयने मयताचीच चाय पिताहा.”

कुणी हसलं नाही. अण्णा उठले. “हाडां कृष्णेत सोडली,” ते म्हणाले, “नि चाय ही.” आणि मागच्या परड्यात निघून गेले.

दुखवट्याच्या पहिल्या भेटीत जेवायला थांबत नाहीत आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, एवढं मात्र मला ठाऊक होतं, ते आमच्याकडेही आहे. मी कप उपडा घातला आणि न बोलता उठलो. काकी बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, बरोबर आली. म्हणाली, “कट्ट्याक जावा. तिचो बापूस थयसून पावडर हाडी. ती घेवन उद्या परत इलात तर वयनी करून दाखयत. दुसऱ्या खेपेक चलता.”

मसुऱ्याहून कट्ट्याला, जिथून सासरे पावडर आणायचे त्या बाजाराच्या गावी, जायला मालवणला परत यावं लागलं. इथे एक सूचना: दुपारी एक ते चार या भागात दुकानं बंद असतात. मी दोनला कट्ट्यात उतरलो आणि स्टँडच्या बाकावर बसून राहिलो. समोरच्या खानावळीत बांगड्याची थाळी चांगली होती. अर्धी टाकली. वाढणारा म्हणाला, “तिखट लागला?” मी हो म्हणालो.

बसल्या बसल्या मी आदल्या दिवशीच्या खात्रीचा विचार करत होतो. बाजारातल्या तीन पुड्यांचा कुंदाच्या चहाशी संबंध नाही, हे मी कशावरून ठरवलं होतं? माझ्याच चुकीच्या चहावरून. तिच्या चहाचा एखादा घोट मी कधीतरी घेतला असेल. तापात दिला असेल, प्रवासात दूध मिळालं नाही तेव्हा घेतला असेल. तो कसा होता ते आठवायचा प्रयत्न केला. उकळलेल्या पावडरीचीच चव तोंडात यायची. ती आता कुंदाच्या चहाच्या जागी जाऊन बसली आहे.

चारनंतर चहाचं दुकान उघडलं. छोटं दुकान, पत्र्याचे उंच डबे. मी कुंदाच्या डब्यातली चिमूटभर पावडर कागदात बांधून नेली होती. मालकाने ती तळहातावर पसरली, हुंगली आणि चष्मा वर केला.

“पावडर आमचीच दिसता. डस्ट नि पत्ती मिसळलेली. मसालो कोणी घातलेलो आसा, दालचिनीचो पालो दिसता. पण वास गेलो. जुनी झाली. टाकून देवा.”

दुकानात बसलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, “घाटावरचे आसत ते. दुधाशिवाय घशाखाली उतरणा नाय तेंच्या. हुनाळ्यात येवन कोकम सरबत पितले नि फोटो काढतले.”

“मी जानेवारीत आलोय,” मी म्हणालो.

“मगे भूक आसा तुमका चायेची,” तो म्हणाला आणि बाकावर सरकून जागा दिली.

मालकाने मिश्रण करून दिलं. दक्षिणेकडची बारीक डस्ट रंगासाठी आणि आसामची पत्ती चवीच्या भरीवपणासाठी, डस्ट जास्त, पत्ती कमी. त्याच्याकडे मसाला घालत नाहीत. मसाला ज्याने त्याने आपल्या घरी घालायचा, तो प्रत्येक घराचा वेगळा, असं तो म्हणाला. पुडी घेऊन शेवटच्या आधीच्या गाडीने मालवणला आलो.

सोमवार. पुन्हा मसुरं. अण्णा खळ्यातच होते. या वेळी त्यांनी आत हाक दिली नाही. वहिनींनी स्वतःच मला स्वयंपाकघरात बोलावलं.

ज्यांना करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी वहिनींची कृती अशी. चार कप पाणी. त्यात सुपारीएवढा गुळाचा खडा, पाच-सहा मिरी ठेचून, दालचिनीचं सुकं पान मोडून, सुंठेचा तुकडा आणि जायफळ अगदी नखभर. दालचिनीची साल नाही, पान. सालीने चहा गोडसर होतो, पानाने तिखटसर. हे पाणी चांगलं उकळू द्यायचं, मसाल्याचा वास घरभर झाला पाहिजे. मग चुलीवरून उतरवायचं आणि उतरवल्यावर दोन चमचे पावडर घालायची. झाकण ठेवायचं. झाकण ठेवून वहिनी बाहेर जाऊन सुपाऱ्यांवर एकदा हात फिरवून आल्या, तेवढा वेळ. मग गाळायचा. “पावडर उकळूची नाय,” त्या म्हणाल्या, “उकळली की कडू जाता.” एवढंच.

या वेळी त्यांनी कप हातात दिला. रंग लालसर, पारदर्शक. मी प्यायलो. चांगला होता. मिरीची धग आधी येते, मग गूळ, आणि चहा शेवटी. कडूपणा जवळजवळ नाही.

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. “अशीच होती?”

मी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. त्यांना हो म्हणता आलं असतं. त्यांना बरं वाटलं असतं आणि विषय संपला असता. पण मला खरंच माहीत नव्हतं.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

अण्णा दारात येऊन उभे होते. वहिनींनी त्यांनाही कप दिला. त्यांनी उभ्यानेच प्यायला आणि कप परत केला.

“नाय,” ते म्हणाले. “ही आमची. कुंदाची येगळी.”

“वेगळी म्हणजे?”

“ती आजारी होती, मी सांगलीक इललंय, तेव्हा तिणा माका करून दिली. तुमच्याकडचा पाणी जड. तिका हयसरची चव गावना. म्हणान ती तेच्यात कायतरी घाली. काय ता मी इचारूक नाय.”

कालच्या ‘बसा’नंतर ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिल्यांदाच. मी विचारलं, “वास कशाचा होता? काही अंदाज?”

“अंदाज?” ते म्हणाले. “तुमी तिच्या घरात ऱ्हवलात, तुमका म्हायती नाय. मी भाव, माका म्हायती नाय. मगे आता हयसर येवन कोणाक इचारतास?”

वहिनी म्हणाल्या, “अवो, जावंदे,” ते त्यांना की मला, कळलं नाही.

मी सांगितलं की मेमध्ये वर्षश्राद्ध आहे, तुम्ही दोघं या. अण्णा म्हणाले, “बघूया.” या गावात ‘बघूया’ म्हणजे काय ते मला लग्नापासून ठाऊक आहे. वहिनींनी आपल्या मसाल्याची पुडी बांधून दिली, वर दालचिनीची चार पानं ठेवली. मी बाहेर आलो आणि या वेळी म्हणालो, “येतो.”

अण्णा सुपाऱ्या भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. कोकणात पर्यटकांसाठी रस्तोरस्ती ‘येवा’ लिहिलेलं असतं. निघणाऱ्या माणसालाही इथे ‘येवा’च म्हणतात, ‘जावा’ कुणी म्हणत नाही. वहिनी एकदा अण्णांकडे बघून हळू म्हणाल्या, “सावकाश जावा.”

गाडीला वेळ होता. खाडीपर्यंत चालत गेलो. पूल, पाणी, दोन होड्या, एक माणूस जाळं झाडत होता. कुंदाचं काहीच या पाण्यात नाही, असं वाटलं. अण्णांना हे रोज वाटत असणार. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत रस्त्यावर आलो.

मंगळवारी त्याच रस्त्याने सांगली. कणकवलीत वडा-उसळ खाल्ली. गगनबावड्याच्या रस्त्याचं काम चालू आहे, असं वाहक सांगत होता, त्यामुळे फोंडाच बरा. बाराशेच्या आसपास लॉज, साधी पण स्वच्छ खोली. जेवण कुठेही खा, रविवारी मात्र गर्दीच्या आधी लवकर जा.

सहल कशी झाली, असं इथे शेवटी लिहायचा प्रघात आहे. मसुऱ्याचा कोरा चहा मला आता करता येतो आणि तो उत्तम असतो. वर दिलेली कृती तंतोतंत केली तर तुमचाही उत्तम होईल. कुंदाचा कसा होता ते मात्र आता सांगणारं कुणी नाही. मी निघताना एका माणसाकडे तरी ते असेल असं धरून निघालो होतो. उलट माझ्याकडे जे आहे असं वाटत होतं तेही माझ्याच हाताने केलेलं निघालं.

वहिनींची पुडी उघडली नाही. वर्षश्राद्धाला जे कोणी येतील त्यांना त्या पुडीचा चहा करीन, गूळ घालून. तोवर घरात दुसरी रीत चालू आहे. ती मी न कळता धरली होती, आता कळून धरली आहे.

बुधवारी सकाळी पाणी ठेवलं, कट्ट्याची नुसती पावडर टाकली आणि उकळू दिलं. गाळून कप भरला. गॅलरीत शेजारच्यांचे कपडे वाळत होते. चहा कडू होता. त्याला बरं म्हणालो नाही, वाईटही म्हणालो नाही. पिऊन झाल्यावर गाळण्यातला चोथा कुंडीत झाडला, पातेलं घासलं आणि कप उपडा घातला.